फिल्मच्या कडेला लपलेला आवाज: सुपर-८ कॅमेरा चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर कसा नोंदवायचा?

फोनवर व्हिडिओ काढताना आवाजाचा वेगळा विचार आपण करतच नाही. लाल बटण दाबलं की चित्र आलं, सोबत आवाजही आला, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये बसले. पण फोनच्या, अगदी व्हिडिओ कॅसेटच्याही आधी लोक घरी सिनेमाची फिल्म वापरून शूटिंग करायचे. त्या फिल्मवर आवाज कुठे आणि कसा साठवायचे? आजचा लेख त्यावर आहे.

या विषयात मी शिरलो ते घरच्या एका रिळामुळे. माझे काका सत्तरच्या दशकात अमेरिकेत नोकरीला होते. एकदा सुट्टीत गावी येताना त्यांनी सुपर-८ कॅमेरा आणला होता. ती रिळं आम्ही मध्यंतरी डिजिटल करायला दिली. पेन ड्राइव्ह परत आला, चित्र छान होतं. आजी अंगणात बसून कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगतेय, पण आवाज शून्य. घरात सगळे म्हणाले, जुनी फिल्म आहे, मुकीच असणार. मी रीळ उजेडात धरून बघितलं, तर एका कडेला चॉकलेटी रंगाची बारीक रेघ दिसली. ती रेघ म्हणजेच आवाज होता. दुकानवाल्याने फक्त चित्र स्कॅन केलं होतं.

तुमच्याही घरात माळ्यावर असा डबा असू शकतो. म्हणून ही रेघ काय आहे, ती कशी काम करते आणि ती वाचवायची कशी, हे नीट समजून घेऊ.

छोट्या मापाची फिल्म म्हणजे काय?

थिएटरमधला सिनेमा वर्षानुवर्षं ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालला. ही फिल्म महाग, कॅमेरे जड. घरगुती वापरासाठी कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिमी फिल्म आणली आणि १९३२ मध्ये त्याहून स्वस्त ८ मिमी. ही ८ मिमी फिल्म खरं तर १६ मिमी रुंदीचीच असायची. एकदा अर्ध्या बाजूवर शूट करायचं, रीळ उलटं लावून दुसऱ्या अर्ध्यावर करायचं, आणि धुऊन झाल्यावर लॅब ती मधोमध चिरून जोडून द्यायची.

१९६५ मध्ये सुपर-८ आली. रुंदी तीच ८ मिमी, पण कडेची भोकं लहान केली, त्यामुळे चित्राला जवळपास दीडपट जागा मिळाली. शिवाय फिल्म प्लास्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये यायची. कार्ट्रिज कॅमेऱ्यात खटकन बसवा आणि बटण दाबा. अंधाऱ्या खोलीत रीळ ओवायची भानगड संपली.

एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर फिल्म. एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे एकूण ३,६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने हे ३ मिनिटं २० सेकंद चालायचं, २४ च्या वेगाने फक्त अडीच मिनिटं. आज आपण पावसाचा व्हिडिओ काढताना एवढा वेळ सहज घालवतो. तेव्हा एवढ्यात अख्खं बारसं बसवावं लागायचं.

आणि बहुतेक वेळा ते मुकं असायचं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा अब्राहम झाप्रुडर या गृहस्थाने केलेलं शूटिंग. ८ मिमी फिल्म, ४८६ फ्रेम, जेमतेम २६-२७ सेकंद. जगात सर्वाधिक तपासल्या गेलेल्या फिल्म्सपैकी ती एक आहे. पण तिच्यात आवाज नाही. गोळ्या किती आणि कधी झाडल्या यावर इतकी वर्षं वाद चालला, त्याचं एक कारण हेही आहे.

आवाज नोंदवायच्या दोन पद्धती

सिनेमात आवाज घ्यायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, दोन यंत्रांचा. कॅमेरा फक्त चित्र घेतो, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर जातो. नंतर दोन्ही जुळवायचे. शूटिंगच्या आधी क्लॅप मारतात तो यासाठीच: पाटी मिटलेली फ्रेम आणि 'टक्' हा आवाज एकमेकांसमोर आणले की पुढचं सगळं जुळतं. मोठे सिनेमे असेच बनतात.

दुसरा, एकाच यंत्राचा. कॅमेरा चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फिल्मवर नोंदवतो. जुळवाजुळव नाही. आपल्या विषयाची पद्धत हीच.

या पद्धतीचं मुंबईशी जुनं नातं आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. अर्देशिर इराणी यांनी तो तानार नावाच्या यंत्रणेवर केला, आणि ती एकाच फिल्मवर चित्र आणि आवाज घेणारी होती. त्यामुळे सेटवर जो आवाज होईल तो थेट फिल्मवर जायचा, नंतर दुरुस्ती नाही. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं शूटिंग रात्री गाड्या थांबल्यावर करावं लागलं. माइक नटांच्या आसपास लपवून ठेवायचे. आज या सिनेमाची एकही प्रत शिल्लक नाही. म्हणजे देशाच्या पहिल्या बोलपटाचा आवाज आपल्यापैकी कुणीच ऐकू शकत नाही.

'आलम आरा'चा आवाज प्रकाशाने नोंदवलेला होता, म्हणजे फिल्मच्या कडेला गडद-फिकट नक्षीच्या रूपात. घरगुती छोट्या फिल्मवर मात्र वेगळा उपाय चालला: चुंबक.

१९७३: घरच्या फिल्मला कंठ फुटला

८ मिमीवर थेट आवाज घेणारा कॅमेरा त्याआधीही आला होता. अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीने १९६० मध्ये सिनेफोनिक नावाचा कॅमेरा काढला. पण घरोघरी पोचला तो सुपर-८ चा आवाज. १९७३ मध्ये कोडॅकने एक्टासाउंड हे कॅमेरे आणि त्यासोबत कडेला आधीच चुंबकीय पट्टी लावलेली फिल्म बाजारात आणली. कॅमेऱ्याला वायरने माइक जोडायचा, कार्ट्रिज घालायचं, बटण दाबायचं. झालं.

आवाजाचं कार्ट्रिज साध्या कार्ट्रिजपेक्षा उंच होतं, कारण खाली आवाजाच्या हेडसाठी जागा सोडलेली होती. त्यामुळे साधं कार्ट्रिज आवाजाच्या कॅमेऱ्यात बसायचं, पण आवाजाचं कार्ट्रिज साध्या कॅमेऱ्यात बसायचं नाही. पुढे काही महागड्या कॅमेऱ्यांसाठी २०० फुटांचं कार्ट्रिजही निघालं. त्यात २४ च्या वेगाने सलग दहा मिनिटं शूटिंग होई.

ती चॉकलेटी रेघ नक्की काय आहे?

गाण्यांच्या जुन्या कॅसेटची फीत आठवते? तपकिरी रंगाची. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुटुंबातला. सुपर-८ च्या कडेला याच पदार्थाची एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद पट्टी असते. थोडक्यात, सिनेमाच्या फिल्मला चिकटवलेली बारीक कॅसेट!

नोंद कशी होते ते बघा:

१. माइक आवाजाचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो.
२. ॲम्प्लिफायर तो कमजोर सिग्नल वाढवतो.
३. हा सिग्नल रेकॉर्डिंग हेडकडे जातो. हेड म्हणजे छोटा विद्युतचुंबक, त्याला केसाहून बारीक फट असते.
४. पट्टी त्या फटीवरून सरकते. फटीतलं चुंबकीय बल आवाजाप्रमाणे बदलतं आणि पट्टीतले कण त्या-त्या क्षणाची 'दिशा' धरून राहतात.
५. प्रोजेक्टरवर उलटं होतं. चुंबकलेली पट्टी हेडवरून गेली की हेडमध्ये बारीक वीज तयार होते. ती वाढवून स्पीकरला दिली की आवाज.

नीट बघितलं तर दुसऱ्या कडेलाही, भोकांच्या बाजूला, आणखी एक अगदी बारीक पट्टी दिसते. ती मुळात आवाजासाठी नव्हती. एकाच कडेला पट्टी लावली तर तिथली जाडी वाढते आणि रीळ तिरकं गुंडाळलं जातं. तो तोल सांभाळायला ही दुसरी पट्टी. पुढे लोकांनी डोकं लावून तिच्यावरही आवाज भरला. एल्मो कंपनीच्या जीएस-१२०० सारख्या प्रोजेक्टरवर दोन्ही पट्ट्या वापरून स्टिरिओ वाजवता यायचा.

खरी गंमत: चित्राला थांबायचंय, आवाजाला थांबायचं नाही

आता कॅमेऱ्याच्या पोटातली अडचण.

चित्रासाठी फिल्म थांबत-थांबत जावी लागते. एक आकडा भोकात शिरतो, फिल्म एक फ्रेम खाली ओढतो, बाहेर येतो. फिल्म क्षणभर स्थिर राहते, शटर उघडतं, फोटो निघतो. पुन्हा आकडा. सेकंदाला १८ वेळा हे चालतं. फिल्म थांबली नाही तर फोटो हलेल.

आवाजाचं नेमकं उलटं. पट्टी हेडवरून एकसारख्या वेगाने सरकायला हवी. ती धक्के खात गेली तर बोलणं तुटक आणि थरथरतं येईल.

एकच फिल्म एकाच वेळी थांबतेय आणि सलग चालतेयही, हे कसं जमवायचं? उपाय असा: दोन्ही कामं वेगवेगळ्या ठिकाणी करायची आणि मध्ये फिल्मचा ढिला वळसा ठेवायचा. वर लेन्ससमोर आकडा फिल्मला झटके देतो. ते झटके मधल्या वळशात जिरतात. खाली एक गुळगुळीत फिरणारा दांडा, त्याला कॅप्स्टन म्हणतात, आणि त्यावर दाबलेला रबरी रोलर फिल्मला शांतपणे हेडवरून ओढतात. वळसा फार मोठा किंवा फार लहान होऊ नये म्हणून कॅमेऱ्यात तो सतत 'चाचपणारी' व्यवस्था असते. ती मोटरचा वेग किंचित कमी-जास्त करून दोन्ही टोकं जुळवत राहते.

१८ फ्रेमचं अंतर

याचा परिणाम काय? एखादी फ्रेम लेन्ससमोर असते तेव्हा हेडसमोर दुसरीच, आधी पुढे गेलेली फ्रेम असते. सुपर-८ मध्ये हे अंतर ठरलेलं आहे: १८ फ्रेम. एक फ्रेम साधारण ४.२३ मिमी, म्हणजे सुमारे साडेसात सेंटीमीटर. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगात हे बरोबर एक सेकंद होतं, २४ च्या वेगात पाऊण सेकंद.

म्हणजे फिल्म हातात घेतली तर चित्राच्या शेजारी त्याचा आवाज नसतोच. तो १८ फ्रेम आधी असतो. प्रोजेक्टरमध्येही हेड तेवढ्याच अंतरावर ठेवलेलं असतं, म्हणून चालवताना सगळं जुळून येतं.

इतर फिल्म्सचे आकडे वेगळे. १६ मिमीच्या चुंबकीय आवाजाला २८ फ्रेम, प्रकाशाने नोंदवलेल्या आवाजाला २६. सुपर-८ च्या काही छापील प्रतींवरही प्रकाशाने नोंदवलेला आवाज असतो, तिथे २२. म्हणून कुठलं रीळ आहे हे माहीत असणं महत्त्वाचं.

कात्री लावली की काय होतं?

या पद्धतीचा सगळ्यात मोठा तोटा इथे आहे.

समजा आधी बैलगाडीचा शॉट आहे आणि लगेच आजी बोलायला लागते. आजीच्या पहिल्या सेकंदाचा आवाज कुठे आहे? बैलगाडीच्या शेवटच्या १८ फ्रेमच्या कडेला! आता बैलगाडीचा शेवट हललाय म्हणून कुणी तेवढा तुकडा कापून टाकला, तर चित्र बैलगाडीचं गेलं, पण आवाज आजीचा गेला. आणि आजी पडद्यावर येईल तेव्हा पहिला सेकंद बैलांच्या घुंगरांचाच आवाज वाजत राहील.

आमच्या रिळात नेमकं हेच झालं होतं. काकांनी हौसेने एडिटिंग केलेलं. आवाज सापडला तेव्हा आजीचं वाक्य मधूनच सुरू होत होतं. मला आधी वाटलं डिजिटल करताना काहीतरी चुकलं. नंतर रीळ बघितलं तर तिथे जोड दिसला. एक सेकंद कायमचा गेला.

टीव्हीच्या बातम्यावालेही यातूनच गेले आहेत. व्हिडिओ येण्यापूर्वी, सत्तरच्या दशकापर्यंत, बातम्या १६ मिमी फिल्मवर अशाच पद्धतीने शूट व्हायच्या. घाईत कापल्यावर माणसाचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही, असं दिसायचं. म्हणून जाणकार एक साधा नियम पाळायचे: बटण दाबल्यावर एक सेकंद थांबा, मग बोला. बोलणं संपल्यावर एक सेकंद थांबा, मग बटण सोडा. म्हणजे कापायला मोकळी जागा मिळते. फोनवर रील्स बनवणाऱ्यांनीही हा नियम घ्यावा, कटिंग खूप सोपं जातं.

आवाजाचा दर्जा कसा असायचा?

ठीक. बोलणं स्पष्ट, संगीत जेमतेम. का ते आकड्यांत बघू.

चुंबकीय नोंदीत पट्टी जितकी वेगाने पळेल तितके उंच पट्टीचे आवाज नीट बसतात. १८ फ्रेमच्या वेगात सुपर-८ सेकंदाला ७.६ सेंटीमीटर सरकते, २४ च्या वेगात साधारण १०.२. साधी कॅसेट फक्त ४.७६ सेंटीमीटर सरकते. मग सुपर-८ चा आवाज कॅसेटपेक्षा चांगला हवा ना? कागदावर हो. पण कॅसेटची फीत पातळ आणि लवचीक असते, ती हेडला अलगद चिकटून जाते. फिल्म त्याच्या कितीतरी पट जाड आणि ताठ, शिवाय कडेला भोकं. ती हेडला नीट टेकत नाही. त्यात वरच्या आकड्याचे झटके कितीही जिरवले तरी थोडे उरतातच.

दुसरी कटकट म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज. आकडा, शटर, मोटर, सगळं घरघरतं. म्हणूनच माइक लांब वायरवर असायचा. तो बोलणाऱ्याजवळ ठेवला तर बोलणं येतं, कॅमेऱ्याजवळ ठेवला तर शिवणयंत्र चालू आहे असं वाटतं.

तिसरी गोष्ट, आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट. मोठा आवाज आला की ते दाबतं, शांतता झाली की वाढवतं. त्यामुळे कुणी बोलायचं थांबलं की मागची घरघर हळूहळू फुगत येते. फोनमध्येही असं सर्किट असतं, फक्त आता ते खूप हुशार झालंय.

आवाज नंतरही भरता यायचा

बरेच सुपर-८ प्रोजेक्टर वाजवायचेच नाहीत, रेकॉर्डही करायचे. म्हणजे फिल्म धुऊन आल्यावर घरी बसून ती चालवत-चालवत त्यावर निवेदन किंवा गाणं भरता यायचं. मुक्या फिल्मलाही नंतर पट्टी लावून मिळायची. यात धोकाही होता: चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की मूळ आवाज पुसला गेला. आजही जुना प्रोजेक्टर हाताळताना हे लक्षात ठेवा.

मग हे बंद का झालं?

मुख्य कारण व्हिडिओ. १९८३ मध्ये सोनीचा बीटामूव्ही आला, कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात. नंतर तसे अनेक आले. सुपर-८ वर तीन मिनिटं शूट करायचं, लॅबला पाठवायचं, धुऊन यायची वाट बघायची, मग खोली अंधारी करून प्रोजेक्टर लावायचा. व्हिडिओत कितीतरी जास्त वेळ शूट करा, लगेच टीव्हीवर बघा, आवडलं नाही तर पुसा. घरगुती ग्राहक तिकडे गेला.

पट्टीवाली फिल्म कोडॅकने १९९७ च्या सुमारास बंद केली. फिल्मला पट्टी बसवण्याच्या प्रक्रियेतली रसायनं पर्यावरणाच्या नियमांत बसत नव्हती. त्यामुळे आज आवाजाचा सुपर-८ कॅमेरा हाती लागला तरी त्यात आवाज नोंदवायला ताजी फिल्म नाही. साधं कार्ट्रिज घालून मुकं शूटिंग मात्र होतं.

सुपर-८ स्वतः मेली नाही. कोडॅक अजून मुकी फिल्म बनवते, आणि २०२३ च्या अखेरीस त्यांनी नवा सुपर-८ कॅमेराही विकायला काढला. त्यात आवाज कुठे जातो माहितीये? एसडी कार्डवर. म्हणजे चित्र फिल्मवर, आवाज डिजिटल, पुन्हा दोन वेगळ्या जागी.

आणि एकाच यंत्राची पद्धत? ती तुमच्या खिशात आहे. फोनच्या एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाजाचे तुकडे एकत्र ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का असतो. १८ फ्रेमच्या अंतराचं काम आता हे शिक्के करतात.

घरात जुनं रीळ सापडलं तर काय करायचं?

*रेघ शोधा.* रीळ चालवू नका. टोकाची हातभर फिल्म कडेने धरून उजेडात बघा. भोकांच्या विरुद्ध कडेला चॉकलेटी, मॅट रेघ दिसली तर चुंबकीय पट्टी आहे. पण पट्टी असली म्हणजे आवाज आहेच असं नाही, ती कोरीही असू शकते. ऐकल्याशिवाय कळत नाही.

*वास घ्या.* डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा प्लास्टिकचा पाया विघटित होतोय. चुंबकीय पट्टीतलं लोह या प्रक्रियेला आणखी वेग देतं, म्हणून आवाजाची रिळं आधी वाचवा. असा डबा इतर रिळांपासून वेगळा ठेवा.

*चुंबकापासून लांब ठेवा.* स्पीकर, चुंबकाचा फोन होल्डर, फ्रिजवरची चुंबकं यांच्याजवळ नको.

*स्वतः पुसू नका.* पाणी, सॅनिटायझर, स्पिरिट काही लावू नका. पट्टी सुटून येऊ शकते.

*जुन्या प्रोजेक्टरवर घालायची घाई करू नका.* फिल्म आक्रसलेली असेल तर आकडा भोकं फाडतो.

*डिजिटल करणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा:*

१. चुंबकीय आवाज वाचायचं हेड तुमच्याकडे आहे का?
२. १८ फ्रेमचं अंतर तुम्ही भरून काढता का? नाही काढलं तर आवाज ओठांच्या एक सेकंद आधी ऐकू येईल.
३. मूळ वेग १८ की २४, हे तपासता का? १८ चं रीळ २४ ने चालवलं तर आजीचा आवाज लहान मुलीसारखा येईल.
४. आवाजाची वेगळी, प्रक्रिया न केलेली वेव्ह फाइल देता का? घरघर नंतर कमी करता येते, पण एकदा कापलेला आवाज परत येत नाही.

पहिल्याच प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर दुसरीकडे जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फोनने पडद्यावरचं शूट केलं तर चालेल का?* चित्राची कामचलाऊ नोंद होईल. आवाज मात्र प्रोजेक्टरच्या घरघरीत बुडेल. प्रोजेक्टरला आवाज बाहेर काढायचं सॉकेट असेल तर तिथून वायरने घ्या.

*पट्टीवरचा आवाज आपोआप पुसला जातो का?* कोरड्या, थंड जागी ठेवला तर बराच टिकतो. बहुतेक वेळा आधी फिल्मचा पाया खराब होतो किंवा पट्टी निघून येते.

*डिजिटल झाल्यावर रीळ टाकून देऊ का?* अजिबात नको. उद्या याहून चांगला स्कॅन होऊ शकतो. मूळ प्रत तीच.

आमचं रीळ शेवटी चुंबकीय हेड असलेल्या ठिकाणी पुन्हा दिलं. एक सेकंद घुंगरं वाजतात, मग आजीचा आवाज मधूनच सुरू होतो. काकांना ती जेवायला बोलावतेय आणि ते खोकं बाजूला ठेव म्हणतेय. एवढंच आहे, अकरा सेकंदांचं. पण आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, तिचा आवाज मला माहीतच नव्हता. पहिल्या वेळी मिळालेल्या पेन ड्राइव्हवर आम्ही समाधान मानलं असतं, तर तो तसाच डब्यात राहिला असता.

म्हणून एकच सांगणं. रीळ द्यायला जाल तेव्हा आधी उजेडात धरून कडेला बघा.